निर्णयाची खुर्ची

एमबीएच्या पहिल्या सत्रात मी वर्गाला एक केस, म्हणजे खऱ्या धंद्यातल्या पेचाची हकीकत, वाचायला देते. वीसेक पानांची. बहुतेक केसेसची सुरुवात ठरलेली असते. कंपनीचा प्रमुख रात्री उशिरा कचेरीच्या खिडकीशी उभा आहे. सकाळी संचालक मंडळाची बैठक आहे आणि तोवर त्याला ठरवायचे आहे, तोट्यातला कारखाना बंद करायचा की आणखी दोन वर्षे चालवायचा. केस तिथेच थांबते. मी विचारते, ‘त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’

ही पद्धत मला मनापासून आवडते. माहिती अपुरी आहे, वेळ थोडा आहे, तरी ठरवायचे आहे. ठरवलेले चारचौघांत मांडायचे आहे आणि कुणी चूक दाखवली तर तिथल्या तिथे कबूल करायचे आहे. पदवीपर्यंत उत्तरपत्रिकेपुरते शिकलेल्या मुलांना हे पहिल्यांदाच करावे लागते. काही जणांचा आवाज कापतो. महिन्याभरात तो स्थिरावतो. शिक्षक म्हणून एवढे समाधान दुसऱ्या कशात नाही.

पण गेली काही वर्षे एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. दर वेळी त्या खिडकीशी उभा असलेला माणूसच का?

केस शिकवण्याची ही रीत मुळात वकिलांची. हार्वर्डची बिझनेस स्कूल 1908 साली सुरू झाली आणि एमबीए ही पदवी तिथूनच जगभर गेली. 1919मध्ये तिथे डीन म्हणून आलेले वॉलेस डॉनहॅम कायदा शिकलेले होते. कायद्याची मुले न्यायालयातले जुने खटले वाचून शिकतात, तशी व्यापाराची मुले खऱ्या धंद्यातले पेच वाचून शिकतील, असा त्यांचा आग्रह होता. विचार थोरच होता. मात्र या बदलात एक गोष्ट गळाली, असे मला वाटते. खटल्यात वादी असतो तसा प्रतिवादीही असतो, आणि न्यायाधीशाला दोघांचे ऐकावे लागते. व्यवस्थापनाच्या केसमध्ये उरली ती एकच खुर्ची, निर्णय घेणाऱ्याची. ज्यांच्यावर निर्णय होतो ते शेवटच्या पानावरच्या तक्त्यात गेले: कामगार इतके, वेतनखर्च इतका.

आपल्याकडे हे शिक्षण आले तेच परदेशी संस्थांचा हात धरून. 1961मध्ये कोलकात्याची आयआयएम एमआयटीच्या मदतीने उभी राहिली आणि अहमदाबादची हार्वर्डच्या. मुंबईत 1965मध्ये जमनालाल बजाज संस्था सुरू झाली, तिला स्टॅनफर्डचे साह्य होते. त्यात कमीपणा नाही. विहीर खणायची तर पहिली पहार उसनी आणली तरी चालते. अहमदाबादने भारतीय उद्योगांवरच्या केसेसही चिकाटीने लिहिल्या. आणि याच संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी 1972मध्ये आपण होऊन पद सोडले, साधे प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले आणि काही वर्षांनी राजस्थानातल्या जवाजा या कोरड्या भागात जाऊन विणकर आणि चामड्याचे काम करणाऱ्यांबरोबर काम करू लागले. व्यवस्थापनाचे ज्ञान कारखानदाराच्या उपयोगी पडते हे सिद्ध झाले होते. विणकराच्या उपयोगी पडते का, हे त्यांना पाहायचे होते. एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखाने स्वतःची खुर्ची सोडून हा प्रश्न धरावा, हे मला या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते. आमच्या वर्गात त्याला एक तासही मिळत नाही.

आता माझ्या वर्गात येणारी मुले बघा. महाराष्ट्रात एमबीएला प्रवेश घ्यायचा तर बहुतेकांना सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि सगळा पेपर इंग्रजीत. जो प्रश्न सुटत नाही त्यावर थांबायचे नाही, पुढे सरकायचे, ही सवय क्लासवाले वर्षभर अंगी भिनवतात. आणि प्रवेश मिळाल्यावर मी त्याच मुलांना सांगते की या वीस पानांवर तीन दिवस थांबा.

दोन वर्षांपूर्वी वर्गात सांगलीजवळच्या हरिपूरचा एक मुलगा होता. मालाचा साठा, गोदामाची पावती आणि वायदे बाजार यांवर मी चार तास शिकवले. शिकागोची उदाहरणे दिली. तो पहिल्या बाकावर बसून सगळे उतरवून घेत होता, एक शब्द बोलला नाही. चौथ्या तासानंतर जिन्यात थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे आमच्याकडं पेवात होतं.’

पेव म्हणजे जमिनीतले हळदीचे कोठार. तोंड अरुंद, आत ऐसपैस. हरिपूरची माती अशी की खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही. आत पाला आणि चटया लावून हळद भरतात आणि तोंड बंद करून वर माती लोटतात. आत प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीड लागत नाही. माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आतली हवा जीव घेते. त्या साठ्याच्या जोरावर सांगलीचा हळद बाजार वाढला आणि तिथे वायद्याचे सौदेही होऊ लागले. आडत बाजारातली रुमालाखालची बोली त्या मुलाने आजोबांकडून ऐकली होती: कापडाआड बोटे दाबून भाव सांगायचा, शेजारी उभ्या शेतकऱ्याला तो कळायचा नाही. माहिती एका बाजूला असली की बाजार कसा वाकतो, हे मी फळ्यावर आलेख काढून शिकवत होते. त्याच्या घरात ते तीन पिढ्यांचे ज्ञान होते. ‘मग वर्गात का नाही सांगितलंस?’ मी विचारले. ‘पेवाला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं.’

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांवरची हार्वर्डची केस 2010 सालची. उत्तम आहे, मी ती शिकवते. पण आमच्या वर्गात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरची मुले असतात. डबेवाले याच तालुक्यांतून मुंबईला गेले. आपल्या गावच्या माणसाचे शहाणपण या मुलांना बॉस्टनहून इंग्रजीत परत मिळते, आणि तेव्हाच ते त्यांना अभ्यासाजोगे वाटते. हार्वर्डचा यात दोष नाही. त्यांनी जाऊन पाहिले, विचारले, लिहिले. आम्ही आमच्या मुलांना विचारत नाही, हा दोष आमचा आहे.

कोलकात्याचे सुमंत्र घोशाल इंडियन ऑइलमध्ये नोकरी करून पुढे जगातल्या मोठ्या व्यवस्थापन अभ्यासकांत गणले गेले. त्यांचा एक निबंध ते गेल्यानंतर, 2005मध्ये, प्रसिद्ध झाला. माणूस मूळचा स्वार्थी, त्याच्यावर पहारा हवा, असे सिद्धांत आम्ही शिकवत राहिलो आणि त्यातून विद्यार्थ्यांना नैतिक जबाबदारीतूनच मोकळे केले, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. सिद्धांत चुकतो तो चुकतोच, पण एकाच खुर्चीत बसून जग बघायची सवय त्याहून खोल जाते. आठ आठवड्यांच्या उन्हाळी प्रकल्पावर गेलेली माझी मुले परत येतात तेव्हा ‘मनुष्यबळ कमी करता येईल’ हे वाक्य त्यांच्या अहवालात सहज उतरलेले असते. त्यांतल्या कितीतरी जणांचे वडील कुठल्यातरी एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत. त्या वाक्यात आपले घर येते, हे लिहिताना त्यांच्या ध्यानात येत नाही. या मुलांची मने कठोर नाहीत. आम्ही त्यांना जिथे बसवले तिथून घर दिसत नाही.

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी स्वाध्याय बदलला. घरी जा, आपल्या गावातला एक पेच शोधा आणि त्यावर केस लिहा. भाषा कोणतीही चालेल. अट एकच: त्यात निदान दोन खुर्च्या हव्यात.

बासष्टांपैकी एकोणपन्नास केसेस मराठीत आल्या. रसवंतीचे गुऱ्हाळ होते, बचत गटाचे पापड होते, एसटी स्टँडवरच्या उपाहारगृहाचे भाडे होते. पाल्हाळ पुष्कळ, आकडे विस्कळीत. हरिपूरचा मुलगा आता दुसऱ्या वर्षाला होता. त्याने आपण होऊन केस लिहून आणली. 2005च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, बरीचशी निकामी झाली. एका पेवमालकाकडे थोडी उरली आहेत. ती जपायची, की जागा विकून शीतगृहात भागीदारी घ्यायची? पहिली खुर्ची मालकाची. दुसरी, पेवात उतरून माल भरणाऱ्या आणि काढणाऱ्या हमालाची.

चर्चा मराठीत झाली आणि दोन तास चालली. पहिल्या तासात वर्गाने जागेचे भाव काढले, विजेचा खर्च मांडला, शीतगृहाच्या बाजूने कौल जवळजवळ दिलाच. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तोवर मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिने विचारले, ‘शीतगृहात पेव भरणाऱ्याचं काम काय?’

कुणीतरी म्हणाले, त्याला प्रशिक्षण देता येईल. ‘कशाचं?’ ती म्हणाली. ‘आणि पेवाची हवा उतरण्याजोगी झाली का, हे त्याला कळतं. त्याचे पैसे तुमच्या तक्त्यात कुठं धरलेत?’

हरिपूरच्या मुलाने खडू घेतला, फळ्यावरच्या हिशोबात खाली एक नवी ओळ आखली आणि तिच्यापुढे कोणता आकडा लिहायचा, ते वर्गाला विचारू लागला.