पिवळा ठिपका

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखाना-वसाहतीत कुणी घरासमोर मोटार उघडून बसला, तर त्याचं नवल कुणालाच वाटत नाही. 1965 साली इथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. मग टी-72 आले, टी-90 आले, अर्जुन आला. पाना हातात धरणाऱ्यांचीच ही वस्ती. त्यात एक मराठी कुटुंब होतं. 2021च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आणि आवडीचा हा कारखाना एकाच कंपनीत आले. त्यानंतर अंबरनाथहून बदली होऊन आलेला हा चार्जमन. येताना त्याने म्हातारी आई आणली, बायको आणि शाळकरी मुलगी आणली, आणि वडिलांची अँबॅसडरही आणली.

कामाला माणूस वाघ होता. हात बसलेला, नजर पक्की. पण आपल्या कामावर दुसऱ्याने बोट ठेवलेलं त्याला मुळीच खपत नसे.

एका शुक्रवारी तो धुमसतच घरी आला. त्याच्या कामावर एका नव्या एक्झामिनरने सही दिली नव्हती. एक बोल्ट आवळताना त्या पोराने पाहिला नव्हता, एवढंच कारण. "माझी इतकी वर्षं गेली या कामात, आणि कालचं पोर मला सांगतंय, पुन्हा आवळून दाखवा!" शेजारचे अण्णा तेव्हा कॉफी प्यायला आले होते. अण्णा तिथलेच, एक्झामिनर म्हणूनच निवृत्त झालेले. ते काही बोलले नाहीत. मुलीने मात्र विचारलं, "बाबा, मग तो बोल्ट सैल होता का?"

"सैल कसला! दगडासारखा घट्ट होता."

"मग त्या दादाने सही का नाही केली?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

विषय गाडीचाच होता. अँबॅसडरच्या मागच्या बाजूने बरेच दिवस हुंकार येत होता. वेग वाढला की सूर चढायचा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की बदलायचा. मागच्या अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन झिजल्याचं ते लक्षण. उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014च्या मे महिन्यात अँबॅसडर बनणं बंद झालं, त्यामुळे नवा अ‍ॅक्सल मिळणार कुठून? चेन्नईत अशा वेळी पुदुपेट गाठायचं. जुन्या गाड्यांचा एकेक अवयव तिथे दुकानांपुढे रचून ठेवलेला असतो. चार्जमन मुलीला घेऊन गेला. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर जुळलं नाही, तर गाडीचा वेग आणि ओढ दोन्ही बिघडतात. म्हणून त्याने एका बाजूचा हब घट्ट धरला, दुसरा पूर्ण दोन फेरे फिरवला आणि तेवढ्यात पिनियनचे किती फेरे होतात ते मुलीला मोजायला लावलं. घरच्या अ‍ॅक्सलवरही तिने असंच मोजून खडूने लिहून आणलं होतं. आकडे जुळले. दुकानदाराने तेल काढून टाकलं आणि अ‍ॅक्सल टेम्पोत चढला.

शनिवारी सकाळी काम सुरू होण्याआधी अण्णा एक डबी घेऊन आले. पिवळा रंग आणि बारीक ब्रश. डबी त्यांनी मुलीच्या हातात दिली. "कण्णू, बाबा नट आवळतील. तू समोर बसून बघायचं. बघितलं तरच ठिपका. नाही बघितलं, तर नाही."

चार्जमन हसला. पोरीचा वेळ जाईल, असं त्याला वाटलं.

सगळ्यात आधी त्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावले. घरी हे काम करणारे नेमके इथेच फसतात. हँडब्रेक धरतो मागच्या चाकांना आणि गिअरची पकडही मागच्याच चाकांपर्यंत जाते. मागचा अ‍ॅक्सल सुटला की दोन्हींचा उपयोग संपला. मग गाडी उभी राहते ती केवळ त्या ओंडक्यांच्या जिवावर. बॉडीखाली दोन मजबूत घोडे लावून त्याने जॅक सोडला आणि गाडीला कमरेने धक्का देऊन पाहिलं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस कितीही हुशार असो, मी त्याला शहाणा म्हणणार नाही.

मग प्रॉपेलर शाफ्टच्या जोडावर खूण करून त्याने चार बोल्ट काढले. ब्रेकचा होज सोडवून त्याचं तोंड बंद केलं, हँडब्रेकची केबल सुटी केली. अ‍ॅक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट गंजाने धरले होते. आदल्या रात्री तेल सोडूनही दोन हलेनात, ते कापावे लागले. जुना अ‍ॅक्सल बाहेर, पुदुपेटचा आत. पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नेमकं बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो. अण्णांनी एका बाजूने टॉमीने रेटलं आणि खट् आवाज करून ते बसलं. नवे यू-बोल्ट चढले. हाउसिंगवरची श्वासाची झडप चिखलाने बुजली होती, ती अण्णांनी तारेने मोकळी केली. ती बंद राहिली की आत दाब वाढतो आणि तेल सील फोडून ब्रेकच्या लायनरवर जातं. 90 नंबरचं हायपॉइड तेल फिलरच्या तोंडाशी येईपर्यंत भरलं. मुलीने ब्रेक पेडल दाबून दाबून नळ्यांतली हवा काढायला मदत केली. प्रत्येक टप्प्यावर ती वाकून बघत होती आणि ठिपका देत होती.

संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली. यू-बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर. एका बाजूला चार नट, दुसऱ्या बाजूला चार. सात झाले आणि आजीने जेवायला हाक मारली. मुलगी हात धुवायला गेली. आठवा नट बाबांनी तिच्या मागे आवळला.

रविवारी सकाळी तिरुवळ्ळूरला वीरराघवाच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. आजी नऊवारी नेसून तयार, बाबा पांढऱ्याशुभ्र शर्टात. मुलगी गाडीखाली डोकावली. "बाबा, एकावर ठिपका नाहीये."

"अगं, तो मी आवळलाय काल."

"मी पाहिलं नाही."

"मी सांगतोय ना!"

मुलगी बाजूला झाली नाही. रडवेली झाली होती, पण दारासमोर उभी राहिली. चार्जमनने कुंपणापलीकडे पाहिलं. अण्णा तिथे उभे होते.

"मी नोकरीत जी कामं अडवली," अण्णा म्हणाले, "त्यातली बहुतेक तपासल्यावर ठीकच निघाली. शिव्या त्यांच्यासाठीच जास्त खाल्ल्या. तंबी, ठिपक्याचा अर्थ नट घट्ट आहे एवढाच नसतो. तो दुसऱ्या कुणीतरी पाहिला आहे, असा असतो. तुझ्या रणगाड्यात बसणारा पोरगा तुला ओळखत नाही. तो त्या ठिपक्याला ओळखतो."

आजी पायरीवर बसली. "जा रे. देव कुठे पळून जात नाही."

चार्जमन गोणपाट अंथरून पांढऱ्या शर्टासह गाडीखाली शिरला. टॉर्क रेंच लावला, मुलीला जवळ घेतलं, ओढला. टक्. नट तसूभरही हलला नव्हता. काम चोखच होतं. त्याच्या तोंडावर आलं होतं, झालं का समाधान? पण मुलगी जीभ दातांत धरून, ओघळ न येऊ देता ठिपका देण्यात गढली होती. ते पाहून तो काही बोलला नाही. शुक्रवारचा तो एक्झामिनर पोरगाही असाच खाली मान घालून उभा होता, हे त्याला तिथे, पाठीवर पडल्या पडल्या आठवलं.

गाडी निघाली. हुंकार गेला होता. पट्टाभिराम मागे पडलं, आणि तिरुनिंद्रवूरजवळ एका झाडाखाली चार्जमनने गाडी बाजूला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. नवे यू-बोल्ट आणि पाटे थोडं अंतर चालल्यावर बसतात, नट जरा ढिले पडतात, हे तो जाणून होता. एरवी पुढच्या रविवारी पाहिलं असतं. डिकीतून त्याने रेंच काढला, गोणपाट पसरलं.

पहिले दोन टक् झाले. तिसरा किंचित फिरला. त्याच्यावर मुलीचा ठिपका होता, मधून चिरलेला.

"मी तर बघितला होता," ती घाबरून म्हणाली.

"बघितलाच होतास. पाटे बसले की होतं असं. म्हणून तर थांबलो." त्याने नट आवळला आणि डबीसाठी हात पुढे केला. मग डबी तिच्याकडेच परत दिली. "तूच दे ठिपका. आणि ये इकडे, दुसऱ्या बाजूचे चार राहिलेत. मी आवळतो, तू बघ."