विस्मृति आणि संमति

गेलीं सत्तावीस वर्षें मी महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्राचीं मूलतत्त्वें शिकवीत आलों आहें. इतक्या वर्षांत नदींतल्या गोट्याला जो गुळगुळीतपणा येतो तो माझ्या व्याख्यानांनाही आला आहे. कोठें थांबावें, कोठें फळ्याकडे वळावें, कोणत्या उदाहरणाला वर्ग हंसतो आणि कोणत्याला स्तब्ध होतो, हें आतां मला विचार न करतां कळतें. गेल्या वर्षीं स्मृतीवर बोलत असतां मीं नेहमींप्रमाणें अमेरिकेंतील एका प्रसिद्ध रुग्णाची हकीकत सांगितली आणि नेहमींप्रमाणें वर्ग स्तब्ध झाला. तास संपतां संपतां मागच्या बांकावरील एका मुलीनें उभें राहून विचारलें, "पण सर, त्यांना कोणी विचारलें होतें का?" मीं कांहीं तरी उत्तर दिलें; पण तें तिच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, हें मला जिना उतरतांनाच कळून चुकलें.

प्रश्न नीट समजावा म्हणून थोडें मागें जावें लागेल. इतर शास्त्रांना नसलेली एक अडचण मानसशास्त्राला जन्मापासूनच चिकटलेली आहे. रसायनशास्त्रज्ञ आपला पदार्थ मुशींत घालून हवा तितका तापवूं शकतो. पदार्थानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. विल्हेल्म वुंट ह्या जर्मन पंडितानें १८७९ सालीं लाइपझिग येथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली, तेव्हां मनांत डोकावण्याचें त्याचें मुख्य साधन अंतर्निरीक्षण हें होतें. मनुष्यानें स्वतःच्या संवेदनांकडे स्वतःच लक्ष देऊन त्यांचें वर्णन करावयाचें. पण दोघांचीं वर्णनें जुळलीं नाहींत तर निवाडा कोणी करावा? ह्या पेंचांतून सुटण्यासाठीं शास्त्र हळूहळू प्रयोगाकडे वळलें. सर्व बाबतींत सारखे असे दोन गट घ्यावयाचे, एकांत एकच गोष्ट बदलावयाची, आणि परिणामांत जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीच्या पदरीं घालावयाचा. पाठांतर, अवधान, संवय अशा विषयांत ही रीत उत्तम चालते. परंतु मेंदूचा अमुक भाग नसेल तर मनाचें काय होईल, हा प्रश्न ह्याच रीतीनें सोडवावयाचा म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकीं पन्नासांचा तो भाग कापून काढावा लागेल. जिवंत मेंदू काम करीत असतां त्याचें चित्र घेणारीं यंत्रें आज आहेत खरीं. पण अमुक क्रियेच्या वेळीं मेंदूचा अमुक भाग उजळतो, एवढेंच तीं सांगतात. त्या भागावांचून ती क्रिया अडते किंवा नाहीं, हें तेवढ्यावरून ठरत नाहीं. म्हणून ह्या शास्त्राला दुसऱ्यावर ओढवलेल्या संकटाची वाट पाहत बसावें लागलें.

आणि संकटें आलीं. पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत एकवीस वर्षें काढलेल्या एका मनुष्याला "तां" ह्या एका अक्षराखेरीज जवळजवळ कांहींच उच्चारतां येत नसे. १८६१ सालीं तो वारला. पॉल ब्रोका ह्यानें त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूच्या पुढील भागांत इजा दिसली, आणि वाणीचें स्थान तेथें असावें असा तर्क त्यानें मांडला. त्यापूर्वीं १८४८ सालीं व्हर्माँट प्रांतांत रेल्वेच्या कामावरील फिनिअस गेज ह्या मुकादमाच्या डोक्यांतून साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार आरपार गेली आणि तो वांचला. ह्या गेजची एक गंमत, खरें म्हणजे गंमत नव्हे, सांगण्यासारखी आहे. तो पुढें व्यसनी व उनाड बनला असें अनेक पाठ्यपुस्तकांनीं सांगितलें, आणि मींही कित्येक वर्षें तसेंच सांगितलें. वास्तविक त्याच्या पुढील आयुष्याविषयींचा पुरावा फार तोकडा आहे, आणि जो आहे त्यांत त्यानें चिली देशांत कित्येक वर्षें घोड्यांची टपालगाडी हांकली अशी नोंद आहे. सहा घोड्यांचे लगाम सांभाळणारा मनुष्य अगदींच उनाड कसा असेल? त्याची कवटी हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. कवटीबरोबर आपण त्याची अब्रूही घेतली, इतकेंच.

आतां त्या हकीकतीकडे वळतों. हेन्री मोलेसन ह्याचा जन्म १९२६ सालचा. अपस्माराच्या झटक्यांनीं त्याचें जिणें अशक्य करून सोडलें होतें. १९५३ सालीं, तो सत्तावीस वर्षांचा असतां, हार्टफर्ड येथील विल्यम स्कोव्हिल ह्या शस्त्रवैद्यानें त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आंतला मेंदूचा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून नवें असें कांहींच त्याच्या स्मरणांत राहीना. बुद्धि शाबूत, बोलणें सुसंगत, स्वभाव सौम्य, बालपणींच्या आठवणी बऱ्याचशा जागच्या जागीं. मात्र आतां भेटलेला मनुष्य दाराबाहेर जाऊन परत आला कीं तो अनोळखी. ब्रेंडा मिल्नर ह्या विदुषीनें त्याची वर्षानुवर्षें परीक्षा केली आणि प्रत्येक भेटींत तिला आपली ओळख नव्यानें करून द्यावी लागली. स्कोव्हिल आणि मिल्नर ह्यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून स्मृतिविषयक शास्त्राचें एक नवें पर्व सुरू झालें. स्कोव्हिलविषयीं न्यायानें इतकें सांगितलें पाहिजे कीं, अशी शस्त्रक्रिया पुन्हां कोणी करूं नये, हें त्यानें इतर वैद्यांना उघडपणें बजावलें.

मिल्नरचा सर्वांत सुंदर प्रयोग असा. कागदावर दुहेरी रेषांचा एक तारा काढलेला. हात आणि कागद आरशांतच पाहावयाचे आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची. आरशांत सर्व उलटें दिसत असल्यामुळें कोणाचाही हात प्रथम भरकटतो. हेन्रीचाही भरकटला. पण तीन दिवस हाच अभ्यास चालला असतां त्याचा हात सुधारत गेला आणि शेवटीं तो सफाईनें तारा काढूं लागला; आणि हें काम आपण पूर्वीं कधीं केलें आहे ह्याची त्याला आठवणही नव्हती! म्हणजे स्मृति ही एकच एक वस्तु नव्हे. घडलेल्या प्रसंगांची स्मृति निराळी आणि हाताला लागलेल्या वळणाची निराळी. एक नष्ट झाली तरी दुसरी टिकते. आज हें प्रत्येक प्राथमिक पुस्तकांत आहे, आणि तें एका माणसाच्या आयुष्याच्या मोबदल्यांत मिळालेलें आहे. २००८ सालीं तो वारला, तेव्हां जगाला त्याचें पूर्ण नांव कळलें. तोंपर्यंत तो नुसतीं दोन अक्षरें होता. पुढल्या वर्षीं त्याच्या मेंदूचे २४०१ काप करण्यांत आले.

त्याला विचारलें होतें का? प्रथम आईबापांची संमति होती, आणि १९९२ सालीं न्यायालयानें त्याचा पालक नेमला. तो स्वतःही नकार देत नसे. आपल्यापासून जें कळेल त्याचा इतरांना उपयोग होईल, असें तो संतोषानें म्हणत असे. ह्यावर कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? उलट कोणी म्हणेल, सकाळीं होकार देणारा हेन्री आणि दुपारीं परीक्षा देणारा हेन्री ह्यांना जोडणारा धागाच जर तुटलेला, तर तो होकार कोणाचा? जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें आपल्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या आवृत्तींत असें प्रतिपादिलें कीं, जेथवर जाणिवेची आठवण पोंचते तेथवरच मनुष्य 'तोच' असतो. हें मत शब्दशः घेतलें तर एक सोयीस्कर अनुमान निघतें: जो विसरतो त्याचा अपराध असा करतांच येत नाहीं, कारण ज्याला दुखविलें तो पांच मिनिटांनीं उरतच नाहीं. शास्त्रज्ञ असें बोलून दाखवीत नाहींत. पण हा विचार मनाच्या तळाशीं किती सहज बसतो, हें मीं स्वतःवरून जाणतों.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिन्हीसांजेला ती सबंध हरिपाठ एकही चूक न करतां म्हणते आणि त्यानंतर, मघांशी चहा झाला का म्हणून विचारते. दोन वर्षांपूर्वीं हें विस्मरण वाढूं लागलें, तेव्हां मीं एक काळ्या पुठ्ठ्याची वही घातली. रोज संध्याकाळीं तिच्यापुढें बसून तीन शब्द सांगावयाचे, पेरू, कुलूप, नदी असे. पांच मिनिटें इकडचें तिकडचें बोलावयाचें, आणि मग ते शब्द विचारावयाचे. तारीख, वेळ, आठवलेल्या शब्दांची संख्या. प्रथम दोन येत, मग एक, मग कांहीं दिवस शून्य. शब्द न आठवला कीं ती ओशाळून हंसे आणि पदराचें टोंक बोटाला गुंडाळी. मला वाईट वाटे. पण पांच मिनिटांनीं ती तें सारें विसरून जाते, हें समाधानही वाटे. डॉक्टरांना उपयोग होईल म्हणून मी हें करतों, असें मीं घरांत सांगितलें होतें. डॉक्टरांनीं असली वही कधीं मागितली नव्हती. तिचा खरा उपयोग मीं वर्गांत केला; 'एक वृद्ध स्त्री' म्हणून.

एके दिवशीं मी घरीं आलों तों आई माझ्या पत्नीला सांगत होती, "अग, ह्याला सांग, आज नको." पत्नीनें विचारलें, "काय नको, आई?" ती गोंधळली. "तें नाहीं ग ठाऊक. पण आज नको." वही माझ्या पिशवींतच होती, ती तिनें पाहिलीही नव्हती.

त्या रात्रीं मला क्लापारेदची टांचणी आठवली. एदुआर क्लापारेद हा जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ. १९११ सालीं त्यानें एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिलाही नवें कांहीं स्मरत नसे, तिच्या डॉक्टरांना ती रोज नव्यानें भेटे. क्लापारेदनें एकदां बोटांच्या सांपटींत टांचणी लपवून तिच्याशीं हस्तांदोलन केलें. टांचणी टोंचली, आणि थोड्या वेळांत ती तें विसरलीही. पण त्यानें पुन्हां हात पुढें करतांच तिनें आपला हात झटकन् मागें घेतला. कां, असें विचारल्यावर तिला कारण सांगतां येईना. ती गडबडून एवढेंच म्हणाली कीं, हात मागें घेण्याचाही अधिकार माणसाला नाहीं कीं काय. सुप्त स्मृतीचा हा पुरावा म्हणून मीं टांचणीची गोष्ट शेंकडों वेळां सांगितली असेल. त्या बाईनें एक प्रश्न विचारला होता आणि त्याचें उत्तर कोणी दिलें नाहीं, हें माझ्या लक्षांत आलें नव्हतें.

अलीकडचें शास्त्र ह्यापुढेंही गेलें आहे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत २०१० सालीं स्मृतीचें तें स्थान निकामी झालेल्या पांच रुग्णांना करुण दृश्यांचे चित्रपट दाखविण्यांत आले. थोड्याच वेळांत काय पाहिलें तें त्यांना सांगतां येईना. परंतु त्या दृश्यांनीं उत्पन्न झालेली खिन्नता मात्र त्यांच्या मनांतून गेली नाहीं. पुढें वृद्धापकाळच्या स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांतही तेंच आढळलें. दुःखाचें कारण पुसलें जातें आणि दुःख राहतें. लॉकनें हें पाहिलें असतें तर त्यानें काय लिहिलें असतें कोण जाणे. मला मात्र त्या सोयीस्कर अनुमानाचा पाया येथें ढांसळलेला दिसतो. दुखावलेला मनुष्य पांच मिनिटांनीं नाहींसा होत नाहीं. फक्त त्याच्यापाशीं फिर्याद मांडावयाला शब्द उरत नाहींत. आणि ज्याची फिर्याद बिनशब्दांची, त्याच्या बाबतींत अपराध करणाराचें ओझें कमी होत नाहीं, वाढतें. कारण साक्षीदार तो एकटाच उरतो.

मनुष्यावर प्रयोग करण्याविषयीं आज नियम आहेत. १९४७ सालच्या न्यूरेंबर्ग संहितेनें स्वेच्छेची संमति ही पहिली अट ठरविली, आणि प्रयोग मध्येंच थांबविण्याचा अधिकारही प्रयोग्य माणसाला दिला. १९७९ सालच्या बेल्माँट अहवालानें, ज्यांची समज अपुरी आहे त्यांचीही नाराजी सामान्यतः मानलीच पाहिजे, असें सांगितलें. आपल्याकडील वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ सालचे निर्देश आहेत. अशा व्यक्तीच्या वतीनें तिच्या कायदेशीर प्रतिनिधीनें संमति द्यावी, असें त्यांत आहे. नियम चांगलेच आहेत. पण माझ्या घरीं तो प्रतिनिधि कोण? मीच. आणि प्रयोग करणारा? तोही मीच. घरांतल्या वहीवर कोणतीच समिति बसत नाहीं.

तर त्या मुलीला काय सांगावें? हेन्रीला विचारलें होतें, आणि बहुधा पुष्कळ वेळां विचारलें होतें. त्या लोकांनीं त्याला जन्मभर मायेनें वागविलें ह्याविषयींही मला शंका नाहीं. त्याच्यापासून जें ज्ञान झालें तें नसतें तर बरें, असें म्हणण्याचा दांभिकपणा मी करणार नाहीं. त्याच ज्ञानावर माझ्या आईचे डॉक्टर आज विसंबून आहेत. परंतु विसरणाऱ्याची संमति एकदां घेऊन फडताळांत ठेवतां येत नाहीं. ती दर वेळीं नव्यानें मागावी लागते, आणि शब्दांत मिळाली नाहीं तर आंखडलेल्या हातांत किंवा बोटाला गुंडाळलेल्या पदरांत ती शोधावी लागते. एवढें मीं त्या मुलीला यंदा सांगितलें. "मग ती वृद्ध स्त्री कोण, सर?" असें तिनें विचारलें. मीं तेंही सांगितलें.

वही आतां बंद आहे. परवां आईला डॉक्टरांकडे नेलें होतें. तरुण मनुष्य, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानें खुर्ची जवळ ओढली आणि विचारलें, "आजी, मी तीन शब्द सांगूं का? मागाहून विचारीन." आईनें माझ्याकडे पाहिलें, मीं खिडकीकडे पाहिलें. मग ती त्याला म्हणाली, "सांग बाबा. पण मला यायचे नाहींत हं, आधींच सांगून ठेवतें." त्यानें सांगितले. तिला एकही आला नाहीं.