बैलाचा रविवार

मागच्या नाताळात मुंबईस्नं पुतण्या आला होता. जेवताना म्हणाला, "काका, पवित्र शास्त्रात पंचवीस डिसेंबर कुठं लिहिलाय? मग नाताळ करायचाच कशाला?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. शास्त्रात ती तारीख नाही. त्या तारखेची जुनी नोंद सापडते ती रोममधली, चौथ्या शतकातली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी याच कारणानं नाताळ मोडला होता. तिथं त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती पार १९५८ साली. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले, आणि पुढं त्यांचं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. म्हणजे पुतण्याची शंका आपल्या घराला नवी नव्हे.

आमचे आबा या बाबतीत फार कडक. नाताळाला उपासनेला जायचे, पण घरात गोडधोड नाही. आणि बेंदूर तर नावालासुद्धा नको. त्याचं कारण शास्त्राच्या आधीचं होतं. आमचा आजा सणाच्या दिवशी गावात वाजवायला जायचा आणि लोकांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचा. आबा म्हणायचे, "त्यो सण त्येंचा. आपून त्यातनं सुटलोय."

पण आमच्याकडं बैल एकच. दुसरा शेजारच्या अण्णांचा. दोघांचा पैरा होता. एका वर्षी आषाढात पाऊस उघडला, वाफसा आला, भुईमूग तणानं भरला आणि नेमका त्याच दिवशी बेंदूर. आबा कोळपं घेऊन अण्णांच्या दारात. अण्णा बैलाच्या शिंगांना हुरमुंज लावत होते.

"आज बैल जुपायचा न्हाई, आबा."

"माझ्या बैलाला दर रविवारी बेंदूर असतोय. आज कशाला?"

अण्णा म्हणाले, "व्हय की. आन् त्या दर रविवारी माझाबी बैल दावणीलाच असतोय."

आबा काही बोलले नाहीत. खुरपं घेऊन एकटेच रानात गेले, दिवस मावळेस्तोवर भांगलत बसले. मला वाटलं, पैरा तुटला. पण पुढच्या रविवारी तण गुडघ्याला आलेलं असताना अण्णांनी बैल मागितला नाही. तसा त्यांनी कधीच मागितला नव्हता. आमच्या रविवारसाठी त्यांचं रान थांबत होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बेंदराला आबांनी बैल ओढ्याला नेऊन धुतला, खांद्याला तेल चोळलं, पोळी चारली. पूजा केली नाही, कर तोडायलाही गेले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "इसाव्याची आज्ञा बैलालाबी हाय." खरंच आहे ते. दहा आज्ञांतला विसावा घरधन्याबरोबर चाकराला, परक्याला आणि गुराढोरांनाही दिलेला आहे.

पौल गलतीकरांवर दिवस पाळता म्हणून रागावतो, आणि रोमकरांना मात्र दिवसांवरून एकमेकांना दोष देऊ नका म्हणून समजावतो. आधी मला हे उलटसुलट वाटायचं. आता वाटत नाही. सण मानेला जू होऊन बसला तर तो टाकावा. आज्यासाठी तो जूच होता, आणि आबांनी तो टाकला यात काही चुकलं नाही. पण ज्या दिवशी कुणाच्या तरी मानेवरचं जू उतरतं, तो दिवस कुठल्या पंचांगातला आहे हे मी विचारत नाही.

पुतण्याला म्हणालो, "तारीख नसंना का शास्त्रात. तू वर्षात ह्या एकाच दिवशी घरी येतोस. तुझ्या आईला विचार, नाताळ करायचा का न्हाई."

तो गप्प बसला. मग उठून आईच्या ताटात भात वाढू लागला.