स्थूलाची साक्ष

करमाडच्या शिवारात विहीर खणू लागले की माती संपून काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचे हे थिजलेले थर होत. परंतु त्या लाव्ह्याने गिळलेल्या मुलखात कोण नांदत होते, याची कैफियत करमाडचा दगड देत नाही. तिच्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, पिसदुरा या गावी जावे लागते. तेथील लाव्ह्याखालच्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत अजस्र सरटांच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या, अस्थींसमवेत अश्मीभूत विष्ठेचे गोळे सापडतात, आणि मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९ साली त्यांचे वर्णनही करून ठेवले आहे.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, सांगतो की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात: स्थूलतम भागाचे पुरीष, मध्यमाचे मांस आणि सूक्ष्मतमाचे मन. या उतरंडीवरून मन श्रेष्ठ व पुरीष हीन, असा निकाल आपण केव्हाच देऊन टाकला. गोमयाने अंगण सारवणाऱ्या आणि पंचगव्य प्राशन करणाऱ्या आपल्या समाजाने मनुष्याचा मळ मात्र अस्पृश्य ठरवला, आणि (हे सांगताना संकोच वाटला तरी सांगितलेच पाहिजे) तो उचलणाऱ्या माणसासही त्याच रकान्यात नोंदवले.

पिसदुऱ्याच्या सरटांचे मन नाहीसे झाले, मांसही झाले. अस्थी काही उरल्या, पण अस्थी केवळ देहाचे माप देतात. तो देह कोणत्या वनस्पतींच्या सहवासात पोसला, याचा दाखला त्या तिरस्कृत गोळ्यांनीच दिला. वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण कोणत्याही जठरात पचत नाहीत. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी प्रभृतींनी हे कण तपासून २००५ साली प्रसिद्ध केले की त्या विष्ठेत ताड, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर वनस्पतींबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे अंश आहेत. ती विष्ठा टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी सरटांची असावी, असा तर्क आहे. गवताचा वाटा त्यांच्या आहारात अल्पच होता. तथापि डायनोसॉर गेल्यानंतरच गवतांचा विस्तार झाला, हा तोवरचा समज त्या अल्पांशाने मोडला. पुढे २०११ साली तेथेच भाताच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या गवताचीही खूण पटली.

तेव्हा सूक्ष्म तेवढे सत्याच्या निकट आणि स्थूल तेवढे दूर, हे मानण्यास आधार कोणता? उद्दालकाने बारीकपणाचे माप सांगितले होते, प्रतिष्ठेचे नव्हे. उलट त्याने श्वेतकेतूस पंधरा दिवस निराहार ठेवले, आणि मुखोद्गत वेद त्या पोराला आठवेनासे झाले, तेव्हा मन हे अन्नाचेच आहे हे त्याच्या पदरात घातले. ज्या परंपरेने वेदस्मरणालाही अन्न लागते हे कबूल केले, तिने त्याच अन्नाच्या अखेरच्या अवस्थेला आणि ती वाहून नेणाऱ्या माणसाला विटाळ मानावे, यास उद्दालकाच्या बोलण्यात कोठेही आधार नाही. तो विटाळ आपण पदरचा घातला आहे.