नियम आहे, नियंता नाही



आपण देव्हारा सोडला, पण एक प्रश्न अजूनही आपल्या दारी येतो. "शरीराची एवढी शिस्तबद्ध रचना करणारा कोणीतरी असलाच पाहिजे ना?" ईश्वरावरील विश्वास म्हणजे धम्म नव्हे, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे. तरीही प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे.

पेशीत प्रथिने कशी तयार होतात ते पाहा. डीएनएच्या साखळीत चार अक्षरांचा मजकूर असतो. त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने निघते. रायबोसोम ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि एकेक अमिनो आम्ल जोडीत जातो. ही लिपी उलगडल्याबद्दल डॉ. हरगोविंद खुराना यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसमवेत १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कामात हुकूम देणारा कोणी नाही. रेणूला रेणू जुळतो आणि काम पुढे सरकते. कारणातून कार्य घडते; तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद हेच शिकवितो.

या मजकुरात चूक झाली तर काय होते? विदर्भातील आपल्या अनेक घरांना सिकलसेलचा आजार ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या मजकुरातले एक अक्षर बदलते, त्यामुळे एक अमिनो आम्ल बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, व्हर्नन इंग्रम यांनी या प्रथिनातील फरक दाखविला.

हा मजकूर कोणी योजून लिहिला असेल, तर लेकराच्या रक्तात ही वेदना का लिहिली? कोणी म्हणेल, गेल्या जन्मीचे पाप. बंधूंनो, ही जुनीच बेडी आहे! खरे कारण असे की, ते अक्षर एकाच पालकाकडून मिळालेल्या माणसाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

तेव्हा 'नैसर्गिक रचना' खुशाल म्हणा. रचनाकार शोधीत बसू नका.

कारण कळले की मार्ग दिसतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून सोयरीक ठरविताना पत्रिका बाजूला ठेवा, दोघांचे रक्त तपासा. आजारी लेकराला अंगारा लावू नका, दवाखान्यात न्या. आणि सुनेला बोल लावू नका. आजारी लेकराला ते अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलेले असते.

नमो बुद्धाय! जयभीम!