दख्म्यावरचं रिकामं आकाश

मराठीत ‘गिधाड’ ही शिवी आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मात्र पारशी माणसाचं शेवटचं दान त्याच्याच चोचीत पडे. अग्नी, माती, पाणी पवित्र. प्रेताने ती विटाळू नयेत, म्हणून देह दख्म्यात, म्हणजे बिनछपराच्या गोल मनोऱ्यात, उघड्या आभाळाखाली ठेवायचा. थवा उतरला की तासाभरात हाडं मोकळी होत. सतराव्या शतकापासून हे असंच चाललं होतं. थवा किती मोठा हवा, हे कुठल्याच शास्त्राने सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरजच कुणाला वाटली नसणार.

मग थवेच येईनासे झाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादंच उरलं. कारण २००४ साली उलगडलं: डायक्लोफेनॅक. दुखणाईत गाईला वेदनाशामक टोचायचं, तरी ती मरायची आणि तिच्यावर गिधाडं उतरायची. औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. मेलेलं गिधाड चिरलं की आतल्या अवयवांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखा यूरिक आम्लाचा पांढरा थर दिसे.

शंभरातलं एक ढोर विषारी असलं तरी एवढा संहार व्हायला पुरतं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब निघाला. एकेका ढोरावर डझनावारी गिधाडं जेवतात. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लाला वयात यायला पाचेक वर्षं लागतात. ही जात तगते ती जाणत्या पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर. तेच मरू लागले, तर पिल्लांनी तूट भरायची कशी?

२००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. डुंगरवाडीत तोवर सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसले होते. देहावर ऊन पडणं हाही विधीचाच भाग, त्यामुळे सगळ्या नाही तरी बऱ्याच सनातन्यांना हे आरसे चालले. पावसाळी ढगांत मात्र ते आंधळे. २०१५मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह झालं, काही पारशांनी दहन पत्करलं.

डुंगरवाडीतच जाळीच्या पिंजऱ्यात गिधाडं पाळावीत, अशीही कल्पना निघाली. पण माणसाच्या देहातलं डायक्लोफेनॅकही त्यांना तितकंच घातक. म्हणजे मरणाऱ्यानं अखेरच्या दिवसांत ती गोळी नाकारायची? खरा धर्मप्रश्न हा आहे, आणि आरशांच्या वादापेक्षा कितीतरी अवघड आहे. कारण जरथुष्ट्री श्रद्धेत प्रेताचा विटाळ अहरिमन या दुष्ट शक्तीचा, तशीच वेदनाही त्याचीच.