शर्यतीच्या आदल्या दिवशी उसण भरली तर?

एखाद्या मनुष्याने वर्षभर नेमाने श्रम करावे, पहाटेची झोप मोडावी, खाण्यापिण्यास बंधन घालावे, आणि ज्या दिवसासाठी हे सर्व केले तो दिवस उद्यावर आला असता पाण्याची बादली उचलताना त्याच्या पाठीत उसण भरावी, ह्याहून खेदजनक प्रसंग थोडेच. अशा वेळी त्याने काय करावे? शर्यतीस उभे राहावे, की घरी बसावे? हा प्रश्न वरवर पाहता खेळाडूंपुरता दिसतो. परंतु धैर्य कशास म्हणावे, ह्या जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे, असे वाचकांच्या ध्यानात येईल. लोकांपाशी ह्याची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, "खरा गडी असेल तर धावेल." दुसरा म्हणतो, "शरीर शाबूत तर सर्व काही. उगीच जिवास धोका कशाला?" ही दोन्ही उत्तरे त्या मनुष्याची पाठ न पाहताच दिलेली असतात, म्हणून ती दोन्ही आम्हांस उतावळेपणाची वाटतात.

आमच्या विवेचनासाठी आम्ही ट्रायथलॉन नावाची शर्यत घेतो. तीत एकच मनुष्य प्रथम पोहतो, मग ओल्या अंगानेच सायकलीवर बसतो, आणि सायकल ठेवून लगेच पायी धावू लागतो. मध्ये विसावा नाही. अर्वाचीन काळात ह्या नावाने झालेली पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी झाली, असे मानतात. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू ह्या बेटावर जॉन कॉलिन्स ह्या आरमारी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने फारच लांब पल्ल्याची शर्यत झाली. पोहणारा, सायकलस्वार व धावणारा ह्यांत अधिक कणखर कोण, असा वाद निघाला होता. तो तोडण्याकरिता तिन्ही कामे एकाच दिवसात करावयाची असे ठरले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे, असे ते अंतर होते. पंधरा पुरुष निघाले व बारा शेवटास पोहोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉनला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, मात्र तेथील अंतर पुष्कळ कमी असते. आणि २०१९ साली लांब पल्ल्याच्या ह्या शर्यतीचे अर्ध्या अंतराचे रूप गोव्यात, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावरही आले.

ह्या तिन्ही कामांत पाठीस कोठेही सुटी नाही, हे लक्षात ठेवावे. समुद्रात पोहताना दिशा पाहण्यासाठी डोके वर काढावे लागते, तेव्हा कमरेस मागे ताण पडतो. सायकलीवर तासन् तास पुढे वाकून राहावे लागते. धावताना प्रत्येक पावलाचा हिसका कमरेपर्यंत जातो. नांगर धरणाऱ्यास किंवा भाताची लावणी करणाऱ्यास हे अधिक समजावून सांगावयास नको. तेव्हा ज्याच्या पाठीत आदल्या दिवशी उसण भरली, त्याच्यापुढील अडचण लहान नाही.

प्रथम धावण्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. कष्टाच्या कामात दुःख येतेच. जो प्रत्येक कळ आली की थांबतो, त्याच्या हातून कोणतेही मोठे काम होत नाही. पाठदुखीच्या पुष्कळशा प्रकारांत स्नायू आखडलेले असतात, हाडास किंवा मज्जारज्जूस इजा झालेली नसते. असे दुखणे बहुधा काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप बरे होते. आणि त्यात अंथरुणास खिळून राहण्यापेक्षा हळूहळू हिंडणेफिरणेच हितावह, असे आजचे डॉक्टरही सांगतात. तेव्हा पाठ दुखते एवढ्यावरून शर्यत सोडणे हे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. कधी ते नुसते भयही असते, आणि भयास शहाणपणाची वस्त्रे घालणे मनुष्यास फार लवकर जमते.

परंतु ह्याच्या उलट बाजूसही एक फसवणूक आहे, आणि ती अधिक मोहक आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतील त्याच लांब शर्यतीत ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी स्त्रियांत सर्वांच्या पुढे होती. शेवटची रेषा दृष्टीच्या टप्प्यात आली असता तिचे पाय गळाले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढून गेली व अवघ्या २९ सेकंदांच्या अंतराने जिंकली. ज्युली मॉस अखेरीस रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. हे दृश्य दूरचित्रवाणीवर लक्षावधींनी पाहिले, आणि ह्या खेळाची कीर्ती त्यानंतर फार वाढली. तिच्या चिकाटीस आम्हीही मान देतो. परंतु लोकांच्या स्मरणात कोण राहिले, ते पाहावे: जिंकणारी मागे पडली व रांगणारी राहिली. ह्यावरून पाहणाऱ्यांच्या मनाचा एक गुण कळतो. दुसऱ्याचे शरीर कोसळताना पाहून आम्हांस गहिवर येतो, आणि त्या गहिवरासच आम्ही धैर्याची कसोटी समजू लागतो. ज्युली मॉसचे शरीर थकून कोसळले होते. ती पुढे बरी झाली. परंतु तिचे चित्र मनात धरून ज्याचा मणका किंवा शीर दुखावली आहे असा मनुष्य धावू लागला, तर टाळ्या तशाच पडतील, पण परिणाम तसाच होईल असे नाही.

तेव्हा पहिला विवेक हा की, श्रमाचे दुःख व इजेचे दुःख ही दोन वेगळी आहेत. श्रमाचे दुःख सर्व अंगास होते आणि विसाव्याने उतरते. इजेचे दुःख एका ठिकाणी बोट ठेवून दाखविता येते आणि प्रत्येक हालचालीबरोबर वाढते. दुखणे पायात उतरत असेल, पायास मुंग्या येत असतील, तर सावध व्हावे. पाय बधिर किंवा दुबळा होत असेल, अथवा लघवीवरील ताबा गेला असेल, तर शर्यतीचा प्रश्नच उरत नाही. तत्काळ इस्पितळ गाठावे. बैलाचा खांदा सुजला तर शेतकरी त्यास जुवाखालून काढतो. पाऊस तोंडावर आला असला तरी काढतो. त्या बैलास कोणी भित्रा म्हणत नाही व धन्यास आळशी म्हणत नाही. जे शहाणपण आम्ही जनावराच्या बाबतीत दाखवितो, ते स्वतःच्या पाठीच्या बाबतीत दाखविण्यास आम्हांस लाज का वाटावी?

थांबण्यातही केवढे धैर्य असू शकते, ह्याचे एक उदाहरण देतो. टिम डॉन हा इंग्रज खेळाडू २००६ साली जगज्जेता होता. मे २०१७ मध्ये ब्राझील देशात त्याने ती लांब शर्यत ७ तास ४० मिनिटे २३ सेकंदांत पुरी केली. तोपर्यंत त्या मालिकेच्या शर्यतीत इतका कमी वेळ कोणासही लागला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात हवाईतील कोना येथे मुख्य शर्यत होती. शर्यतीस तीनच दिवस उरले असता सायकलीवर सराव करताना त्यास एका मोटारीची धडक बसली आणि मानेचा दुसरा मणका मोडला. त्या शर्यतीत भाग घेणे तर संपलेच. परंतु पुढे काय, हा निर्णय त्याच्याकडेच होता. शस्त्रक्रियेने मणके जखडून टाकता आले असते, पण मग मान पूर्वीसारखी वळली नसती. दुसरा मार्ग असा की, डोक्याभोवती धातूचे कडे बसवून ते स्क्रूंनी कवटीस घट्ट करावयाचे, दांड्यांनी छातीवरच्या साच्यास जोडावयाचे, आणि हाड सांधेपर्यंत तसेच राहावयाचे. त्याने हा दुसरा, अधिक क्लेशाचा मार्ग पत्करला व तीन महिने ते कडे वागविले. एप्रिल २०१८ मध्ये बोस्टन येथे थंडी व पाऊस असता तो ४२.२ किलोमीटर २ तास ४९ मिनिटे ४२ सेकंदांत धावला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोना येथील शर्यतही त्याने पूर्ण केली.

कोणी म्हणेल की, मान मोडल्यावर थांबला त्यात विशेष काय. त्यास दुसरा उपायच नव्हता. हे खरे आहे. पण रेषेपर्यंत रांगण्याचे धैर्य काही मिनिटांचे असते व सभोवती लोक असतात. तीन महिने डोके न हलविता बसण्याचे धैर्य प्रत्येक रात्री नव्याने आणावे लागते, आणि तेथे टाळी वाजविण्यास कोणी नसते. दोन्ही धैर्येच आहेत. आम्ही मात्र एकासच धैर्य म्हणावयास शिकलो आहो.

आता मधला, आणि म्हणूनच कठीण, प्रसंग राहिला. मणका मोडलेला नाही, पाय बधिर नाहीत, पण पाठ आखडली आहे आणि सकाळी शर्यत आहे. येथे कोणताही नियम सर्वांस लागू पडणार नाही. परंतु अशा मनुष्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावे असे आम्हांस वाटते. पहिला: कोणी पाहणार नसते तरी मी धावलो असतो काय? उत्तर नाही असे आले, तर मला धावावयास लावणारी चिकाटी नसून लोकलज्जा आहे. दुसरा: दुखणे वाढले तर त्याचे मोल कोण देणार? ज्याच्या मजुरीवर घर चालते, त्याची पाठ त्याच्या एकट्याची नसते. अंथरूण त्याने धरले तर ओझे बायकोच्या व मुलांच्या डोक्यावर जाते. तिसरा: मी आपल्या शरीराचे खरे ऐकत आहे, की त्याचे तोंड बंद करून निघालो आहे? वेदनाशामक गोळी घेऊन धावणाऱ्याची इजा बरी होत नाही. ती सांगणारा निरोप्या तेवढा गप्प होतो. शिवाय उन्हात दीर्घ श्रम चालू असता व अंगातील पाणी आटले असता अशा काही गोळ्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. हे तीन प्रश्न प्रामाणिकपणे विचारून जो निघेल, त्याने खुशाल निघावे, आणि वाटेत दुखणे वाढले तर थांबण्याची तयारी ठेवून निघावे. जो थांबेल, त्याने सबबी न सांगता, मान खाली न घालता थांबावे.

परंतु ह्या प्रश्नात केवळ धावणाराच जबाबदार नाही, भोवतालचेही आहेत. १८ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिको देशातील कोझुमेल येथे जॉनी ब्राउनली हा शर्यतीत पहिला धावत होता. शेवट जवळ आला असता उन्हाने त्याचे पाय लटपटू लागले. मागून त्याचा वडील भाऊ अ‍ॅलिस्टर आला. त्यास पुढे निघून जाणे शक्य होते. तसे न करता त्याने भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्यास सावरीत नेले, आणि रेषेवर त्यास आपल्या पुढे ढकलले. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे जाऊन जिंकला; जॉनी दुसरा व अ‍ॅलिस्टर तिसरा आला. पडणाऱ्याकडे पाहून टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. खांदा देणारा एखादाच असतो, आणि त्याला त्यासाठी काहीतरी सोडावे लागते.

आणि येथे आमचे मन शर्यतीच्या वाटेवरून आमच्या शेतांच्या वाटेवर येते. खेळाडूस निदान निवड तरी आहे: धावावे, थांबावे, किंवा पुढील वर्षी यावे. ऊसतोडीस गेलेल्या बाईच्या पाठीत उसण भरली तर तिला ह्यांपैकी काय करता येते? खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात. म्हणून ती कंबर आवळून डोक्यावर मोळी घेते व गाडीवर चढविते. तिच्या वाटेवर शेवटची रेषा नाही, आणि तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही. तिला "धैर्यवान" म्हणून आम्ही मोकळे होऊ लागलो, तर ती स्तुती निर्दयपणाची होईल. जे सोसणे मनुष्याने निवडले नाही, त्याचे कौतुक करण्यापेक्षा त्याचे ओझे हलके करणे, हेच भोवतालच्यांचे कर्तव्य आहे.

म्हणून, वाचकहो, ज्यास थांबण्याची मोकळीक आहे त्याने ती लोकांच्या टाळ्यांसाठी उधळू नये. तिच्यासाठी आसुसलेले पुष्कळ आहेत. आणि आपल्या शेजारी कोणी पाठीस हात लावून कामावर निघालेला दिसला, तर तो धीराचा की भित्रा, ह्याचा निवाडा करीत बसण्याआधी त्याच्या डोक्यावरचे ओझे एका बाजूने धरावे. निवाडा मागाहूनही करता येईल. ओझे मात्र आताच उचलावयाचे आहे.